शेतातील बंदूक : परवाना, शेजारधर्म आणि पोलीस

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनजिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तथापि साग, मोह व बांबूची वने, धानाच्या बांध्या, मामा तलाव व बोड्या आणि वनांच्या कुशीत वसलेली लहान लहान गावे हे दोन्ही जिल्ह्यांचे सामाईक रूप कायम राहिले. येथील अनेक शेतकऱ्यांचे शेत एका बाजूने गावाला, तर दुसऱ्या बाजूने जंगलाला भिडलेले असते. धान निसवू लागला की रानडुकरांचे कळप बांध्यांत उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीला मिळते. म्हणूनच जागल, मचाण, डबे वाजविणे, शेकोटी पेटविणे या उपायांबरोबर बंदूक हेही येथे पीकसंरक्षणाचे एक जुने साधन राहिले आहे.

बंदूक बाळगणाऱ्यास ती चालविता येणे आवश्यक असते आणि चालविणे सरावाने येते. हा सराव बहुधा स्वतःच्या शेतातच होतो. जमीन स्वतःची, बंदूक परवान्याची, मग त्यात कोणाचे काय जाते, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सातबारा उताऱ्यावरील नाव आणि खिशातील परवाना या दोन गोष्टींनी हा प्रश्न संपत नाही. गोळीला बांध ओळखता येत नाही आणि तिच्या आवाजाला शेताची सीमा नसते. शेतातील बंदूक निर्धोक राहावयाची असेल, तर कायद्याच्या संमतीबरोबर गावाचा विश्वासही तिच्या मागे असावा लागतो. पंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी या विषयाची सांगोपांग माहिती करून घेणे त्या दृष्टीने अगत्याचे आहे.

भरमार बंदुकीची परंपरा

ज्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरावे लागतात, तिला ठासणीची बंदूक म्हणतात. या भागात ती ‘भरमार’ या नावाने परिचित आहे. ब्रिटिश राजवटीने १८७८ च्या शस्त्र अधिनियमान्वये भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध घातले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अंमलात आला. या अधिनियमाने शेतकऱ्याच्या गरजेची स्वतंत्र दखल घेतली. कलम १३ अन्वये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करण्यात आली. अशी बंदूक पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवानाही देता येतो.

परवाना असलेल्या बंदुकांबरोबर विनापरवाना भरमार बंदुकाही वनभागात वापरात राहिल्या. काही वडिलोपार्जित होत्या, तर काही गावठी कारागिरांनी घडविलेल्या होत्या. १९८० च्या दशकापासून गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी हिंसाचार सुरू झाला आणि या बंदुकांचा अर्थच पालटला. शेतकऱ्याच्या घरातील भरमार आणि सशस्त्र दलमच्या हाती सापडणारी भरमार यांत दुरून फरक करणे अशक्य होते. परिणामी शेतकरी दोन्ही बाजूंनी संशयाच्या घेऱ्यात आला. अलीकडील काही वर्षांत दुर्गम भागातील अनेक गावांनी नक्षलवाद्यांना गावबंदी करण्याचे ठराव केले. भरमार बंदुका स्वेच्छेने पोलिसांच्या स्वाधीन करणारी गावेही त्यांत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. परिस्थिती निवळत असताना गावात उरलेल्या बंदुका कायद्याच्या चौकटीत आणणे हे पुढचे स्वाभाविक पाऊल ठरते.

आवाज एक, अर्थ तीन

वनगावात बंदुकीचा बार झाला की तो निदान तीन ठिकाणी ऐकला जातो. शेजारच्या शेतात रोवणा वा निंदण करणारी माणसे तो ऐकतात. त्यांच्या मनात प्रथम भीती येते. वनरक्षक तो ऐकतो. त्याला शिकारीचा संशय येतो. पोलीस मदत केंद्रातील जवान तो ऐकतात. त्यांना तो हल्ल्याचा किंवा इशाऱ्याचा बार वाटू शकतो. बार करणाऱ्याच्या मनात मात्र झाडाच्या फळीवर रेखलेले वर्तुळ एवढाच विषय असतो.

या तीन अर्थांपैकी कोणताही खुळा म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपल्या कर्तव्याच्या व अनुभवाच्या आधारे तो लावलेला असतो. गैरसमज टाळण्याचा मार्ग एकच आहे : बार होण्यापूर्वी तो कोण, कोठे, केव्हा आणि कशासाठी करणार आहे हे या तिघांना ठाऊक असणे. पूर्वसूचनेअभावी एका निरुपद्रवी सरावातून गस्ती पथकाची धावपळ, शेजाऱ्याची तक्रार आणि परवान्याची चौकशी असे तीन प्रसंग ओढवू शकतात. पूर्वसूचना दिली असल्यास तोच बार दैनंदिनीतील एक साधी नोंद ठरतो.

शेताची लांबी आणि गोळीचा पल्ला

सुरक्षिततेचा विचार करताना थोडे अंकगणित उपयोगी पडते. एक हेक्टर क्षेत्राचे चौरस शेत घेतले, तर त्याची प्रत्येक बाजू १०० मीटर भरते. पाच एकरांच्या चौरस शेताची बाजू सुमारे १४२ मीटर असते. प्रत्यक्षातील शेते बहुधा चिंचोळी व तुकड्यांत विभागलेली असल्याने उपलब्ध अंतर याहूनही कमी असते.

आता गोळीचा पल्ला पाहू. साध्या ४.५ मिलिमीटरच्या एअरगनची गोळी काहीशे मीटर जाऊ शकते. बारा बोअर बंदुकीचे पक्ष्यांवर वापरले जाणारे बारीक छर्रे २०० मीटरच्या पलीकडे पडतात. मोठे छर्रे ५०० मीटरहून अधिक अंतर कापतात. पॉइंट बावीस रायफलची गोळी अनुकूल कोनात सुटल्यास दोन किलोमीटरच्या पुढे जाते. याचा अर्थ असा, की मागे अडथळा नसेल तर सर्वसाधारण शेतकऱ्याच्या शेतात झाडलेली कोणतीही गोळी त्याच्याच शेतात थांबेल याची शाश्वती नाही.

म्हणून नेमाच्या मागे काय आहे, हा प्रश्न नेम किती अचूक आहे या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो. जाड व उंच मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार हा उत्तम अडथळा होय. मातीत दगडगोटे नसावेत. दगडावर आदळलेली गोळी भलत्याच दिशेला उसळते. धानाच्या बांधीत किंवा बोडीत साचलेल्या पाण्यावर तिरपी आदळलेली गोळीही अशीच उसळी घेते, हे पुष्कळांना माहीत नसते. झुडपांची रांग गोळी अडवीत नाही. ती फक्त पलीकडचा माणूस दृष्टीआड करते.

हा धोका काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोर परिसराच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने डुक्कर समजून झाडलेली गोळी त्याच्याच सोबत्याला लागली व तो मृत्युमुखी पडला. भयापोटी ही घटना काही दिवस दडवून ठेवण्यात आली. बेकायदा बंदुकीचा अपघात केवळ एक जीव घेऊन थांबत नाही, तर ती गावाला मौन पाळण्यास भाग पाडते, हा या घटनेतील बोध आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे आणि वर्षभर फिरणारे गुराखी शेताच्या कडेने वावरत असतात. अशा वेळी अंधारात हलणाऱ्या सावलीवर बार टाकणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे होय.

कायद्याच्या मुख्य तरतुदी

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत वैयक्तिक शस्त्र परवान्याचे अधिकार सर्वसाधारणपणे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत. अर्ज आल्यावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. २०१९ च्या सुधारणेनुसार परवान्याची मुदत पाच वर्षे झाली असून, सर्वसाधारण परवानाधारकास जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदुकीची सुरक्षित साठवणूक व हाताळणी यांवर विशेष भर दिला आहे.

परवाना विशिष्ट हेतूसाठी व छापील अटींसह दिलेला असतो. पीकसंरक्षणासाठी दिलेली बंदूक त्याच हेतूसाठी आहे. तिने स्पर्धा भरविणे किंवा करमणुकीखातर बार काढणे त्या हेतूत बसत नाही. सरावाबाबत अटींचा अर्थ स्पष्ट होत नसेल, तर बंदूक हाती घेण्यापूर्वी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर. अटींचा भंग हा स्वतंत्र अपराध असून त्यामुळे परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.

आपली बंदूक शेजाऱ्याला, पाहुण्याला किंवा सालगड्याला जागलीसाठी देणे कायद्याला मान्य नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे. परवान्याविना बंदूक बनविणे किंवा व्यवसाय म्हणून दुरुस्त करणे हा तर याहून गंभीर अपराध असून त्यासाठी किमान सात वर्षांचा कारावास सांगितला आहे. गावातील लोहारकाम करणाऱ्यांना ही बाब आवर्जून समजावून दिली पाहिजे. परवानाधारक मृत्यू पावल्यास किंवा मुदत संपल्यास बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वडिलांच्या पश्चात माळ्यावर पडून राहिलेली बंदूक वारसांना अजाणता आरोपी बनवू शकते.

लग्न, वरात वा उत्सवात हर्षभराने बार काढण्याची प्रथाही २०१९ च्या सुधारणेने दंडनीय ठरविली. निष्काळजीपणाने किंवा हर्षोल्हासात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एअरगनविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. जिचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, अशा एअरगनला परवाना लागत नाही. परंतु परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी लागत नाही असा नव्हे. तिच्या गोळीने डोळा जाऊ शकतो आणि तिने पक्षी मारणेही वन्यजीव कायद्याखाली अपराध ठरू शकते.

अभयारण्यालगतची गावे

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये, अंधारी आणि चपराळा ही अभयारण्ये १९८६ मध्ये, तर भामरागड अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. चंद्रपूर जिल्ह्यात घोडाझरी अभयारण्याची त्यांत भर पडली. अशा क्षेत्रांच्या दहा किलोमीटर परिसरातील रहिवाशांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ ची माहिती असणे आवश्यक आहे. या परिसरातील शस्त्रधारकांनी वनविभागाकडे नोंदणी करावयाची असते, तसेच मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसहमतीशिवाय येथे नवा शस्त्र परवाना देता येत नाही.

पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरावरही शेतकऱ्याला आपल्या मर्जीने गोळी झाडता येत नाही. त्यासाठी वनविभागाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्न हीदेखील शिकारच आहे. सबब शस्त्र परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या बाबी असून एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. पीकहानीसाठी वनविभागाकडून मिळणारी भरपाई आणि सौर कुंपणासारख्या योजना यांचा लाभ शेतकऱ्यांनी प्रथम घ्यावा. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडण्याचा घातक मार्ग तर कटाक्षाने टाळावा.

शेजारधर्माचे नियम

कायद्याने सांगितलेल्या गोष्टींपलीकडे शेजारधर्म म्हणून पाळावयाच्या काही गोष्टी पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. सरावाचा दिवस व वेळ धुऱ्याला धुरा लागून असलेल्या सर्व शेतकऱ्यांना आदल्या दिवशी समक्ष सांगावी. निरोप मुलांकरवी पाठवू नये.

२. पोलीस पाटील आणि पोलीस ठाणे वा मदत केंद्र यांना लेखी सूचना द्यावी व तिची पोच घ्यावी. वनालगतच्या शेतात वनरक्षकासही कळवावे.

३. सराव दिवसाउजेडी व थोडा वेळ असावा. रोवणा, कापणी, मोहफुले व तेंदू हंगाम, शाळा सुटण्याची वेळ आणि गुरे परतण्याची वेळ टाळावी.

४. सराव चालू असेतो दुरून दिसेल असे लाल निशाण उभारावे. सैनिकी व राष्ट्रीय छात्रसेनेच्या चांदमारीच्या मैदानांवर हीच पद्धत रूढ आहे.

५. बाजूला लक्ष ठेवण्यासाठी एक जाणता माणूस उभा करावा. माणूस किंवा जनावर दिसताच त्याने सांगावे आणि बार थांबवावा.

६. मद्यप्राशन केलेल्या व्यक्तीस बंदुकीजवळ फिरकू देऊ नये.

७. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे व दारू चुलीपासून दूर, वेगळ्या जागी ठेवावीत.

८. शेजाऱ्याने हरकत घेतल्यास वाद न घालता सराव थांबवावा आणि हरकतीचे कारण समजून घ्यावे.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. घरात आजारी माणूस असेल, गाभण म्हैस बिथरत असेल किंवा बैल जू टाकून पळाले असतील, तर शेजाऱ्याची तक्रार रास्तच असते. शिवाय पीकसंरक्षण हे मुळात एकट्याचे काम नव्हे. एका शेतातून पळविलेला कळप शेजारच्या बांधीत शिरतो. त्यामुळे एकाची बंदूक दुसऱ्याचे नुकसान ठरू शकते. पाच-सहा शेतकऱ्यांनी पाळीपाळीने जागल केली, तर पीकही राखले जाते आणि परस्परांवरील विश्वासही वाढतो.

पोलिसांची भूमिका

विश्वास एकतर्फी निर्माण होत नाही. पूर्वसूचना देणाऱ्या परवानाधारकाकडे संशयाने पाहिले गेले, तर पुढच्या वेळी तो सूचना देणार नाही. सूचना येताच ठाणे दैनंदिनीत तिची नोंद घेणे, गस्ती पथकांना कळविणे आणि शक्य असल्यास जागेची पाहणी करून दोन शब्द सुरक्षिततेचे सांगणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. ब्रिटनमध्ये रायफलचे प्रमाणपत्र देताना ती ज्या जमिनीवर वापरली जाणार ती सुरक्षित आहे की नाही हे पोलीस पाहू शकतात. जमिनीची पाहणी हा अडवणुकीचा नव्हे तर सहकार्याचा भाग होय, हा विचार आपल्याकडेही उपयोगी आहे.

परवाना नाकारल्यास त्याची कारणे लेखी नोंदविणे ही कायद्याची अपेक्षा आहे. अर्जदारास ती मागता येतात व अपीलही करता येते. ही माहिती त्याला त्याच्या भाषेत, माडिया वा गोंडी भाषक गावांत दुभाष्याच्या साहाय्याने, दिली गेली पाहिजे. गडचिरोली पोलीस दलाने ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून शासकीय योजना व दाखले दुर्गम गावांपर्यंत नेले. शस्त्र परवान्याचे नूतनीकरण व जुन्या बंदुका जमा करणे यांबाबतचे मार्गदर्शनही अशाच वाटेने गावात पोहोचू शकेल. निवडणूक काळात शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाल्यास त्याचे कारण आणि शस्त्र परत मिळण्याची पद्धत समजावून सांगणे हेही त्यातच येते.

ग्रामसभा, शाळा आणि क्रीडाक्षेत्र

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजविली आणि गावाचे नियम गावच पाळते हे दाखवून दिले. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात राबविल्या गेलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचाही हाच आशय होता. ग्रामसभेने वर्षातून एकदा, खरीप हंगामापूर्वी, परवानाधारक, पोलीस पाटील, वनरक्षक आणि पोलीस अधिकारी यांना एकत्र बोलावून जागलीची व्यवस्था, सूचनेची पद्धत व निषिद्ध वेळा ठरवाव्यात. तंटा उद्भवल्यावर मिटविण्यापेक्षा तो उद्भवू न देणे कमी खर्चाचे असते.

शिक्षकांचे कार्यही मोलाचे आहे. घरातील बंदुकीला हात न लावणे, रानात सापडलेले काडतूस वा अनोळखी वस्तू न उचलता मोठ्यांना सांगणे, हे धडे वनभागातील प्रत्येक शाळेत दिले गेले पाहिजेत. नेमबाजीची खरी आवड असलेल्या मुलांना मात्र निरुत्साही करू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी या खेड्यातील स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतील शास्त्रशुद्ध प्रशिक्षण त्याला लाभले होते. एअर रायफलच्या स्पर्धेला अवघे १० मीटर अंतर लागते आणि बंदिस्त जागेत ती सुरक्षितपणे घेता येते. खेळासाठी मान्यताप्राप्त क्लब व प्रशिक्षक हाच योग्य मार्ग होय. त्यासाठी शेताची व जंगलाच्या कडेची जागा नव्हे.

ज्या भूमीत अनेक वर्षे बंदुकीच्या आवाजाने दारे लावून घेतली जात, तेथे शांतता हे कष्टाने मिळविलेले पीक आहे. त्याचे राखण करण्याची जबाबदारी परवानाधारकावर जितकी आहे, तितकीच शेजाऱ्यांवर, ग्रामसभेवर आणि पोलिसांवरही आहे. बार करण्याआधी शेजाऱ्याला दिलेली एक हाक आणि ठाण्याला दिलेली एक चिठ्ठी यांना खर्च काहीच लागत नाही. तेवढ्यावर एखाद्याचा जीव, एखाद्याचा परवाना आणि अवघ्या गावाची झोप सुरक्षित राहू शकते.